ज्याच्या त्याच्या चाकातली तानू

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला, अमरावतीची वाट गावात शिरते तिथं, नत्थुजी तेल्याचा घाणा होता. घाणा नत्थुजीचा, घाण्याचा बैलही नत्थुजीचा, पण दारात गाडी उभी करणारा गाडीवान नत्थुजीकडं बघतसुद्धा नसे. तो हाक मारी तानुबाईला. तानुबाई म्हणजे नत्थुजीची बायको. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बारमाही काळे. लग्नकार्यात बाकीच्या बाया मेंदीचे हात मिरवत, तेव्हा ही आपले काळे हात खुशाल पुढं करून पंगतीत वाढायला उभी राही. कोणी नाक मुरडलं तर म्हणे, "काळे हायेत, पन धुतलेले हायेत."

हा काळेपणा वंगणाचा. बैलगाडीचं लाकडी चाक लोखंडी आसावर फिरतं. चाकाच्या मधला तुंबा कोरडा पडला की चाक आधी कुरकुरतं, मग किंचाळतं, मग तापतं, आणि बैल दमून वाटेतच बसकण मारतात. म्हणून प्रत्येक गाडीच्या खाली बांबूचा एक नळा टांगलेला असे. त्यात वंगण आणि ते लावायची काडी. वंगण करणं ही काही मोठी विद्या नव्हती. खवट झालेलं तेल आणि मूठभर राख, झालं वंगण. वऱ्हाडातल्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच चालत होत्या आणि किंचाळतही होत्या.

तानुबाईचं घर अगदी वाटेवर, त्यामुळे हे किंचाळणं दिवसभर तिच्या कानात. एकदा वैतागून तिनं एका गाडीवानाला हाताला धरून उभं केलं, त्याचा नळा हुंगला, आतलं वंगण उकिरड्यावर ओतलं आणि म्हणाली, "थांब, मी तुले करून देतो." मग तिचे महिने गेले त्या करण्यात. एरंडीचं तेल मंद आचेवर तापवायचं, मेळघाटातून परतवाड्याच्या बाजारात येणारा सालईचा डिंक त्यात विरघळवायचा, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, कोळसा कुटून वस्त्रगाळ करायचा आणि तो हळूहळू मिसळत राहायचं. वाळूचा एक कण राहिला तरी सगळं हंडं ती पुन्हा गाळायला घेई. नत्थुजी म्हणे, "अवं, चाकाले लावाचं हाय, जावयाले वाढाचं नाई." ती ऐकत नसे.

वंगण जमलं. गाडी अकोल्याहून निघून बडनेऱ्याला पोचली तरी चाक गप्प. गाडीवान माघारी येऊन सांगू लागले, दुसऱ्यांना घेऊन येऊ लागले. तानुबाई बांबूच्या नळ्यात वंगण भरून देई. तापल्या सळईनं नळ्यावर तीन आडवे डाग ओढलेले असत. ही खूण तिनं मोठ्या विचारानं केली होती असं कोणी समजू नये. वाळत घातलेले बांबू शेजारचे लोक चुलीत घालत, म्हणून तिनं ते डागले होते. पण गाडीवानांना खूण कळली. तीन डागांचा नळा म्हणजे तानुबाईचं वंगण.

मग कापसाचे दिवस आले. समुद्रापल्याड कुठल्याशा मुलखात आपसात लढाई जुंपली आणि तिथला कापूस विलायतेला जाईना. तेव्हा विलायतेला वऱ्हाड आठवलं. ज्या कापसाकडं आजवर कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याच्यासाठी मुंबईचे दलाल अमरावतीच्या बाजारात उन्हात ताटकळू लागले. शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्वारीची शेतं मोडून लोकांनी पऱ्हाटी लावली. रेल्वेचे रूळ खानदेशाकडून पुढं सरकत होते, पण अजून अकोल्याला पोचले नव्हते. तोवर सगळा भार गाड्यांवर. कापसाच्या बोजांनी लादलेल्या गाड्यांची रांग अमरावतीहून निघे ती मोर्णेच्या पुलापर्यंत तुटत नसे. पूल कसला, दगडांचा उतार होता, पण लोक पूलच म्हणत.

गाड्या वाढल्या तसं गाडीवानांचं बोलणं आखूड झालं. सुरुवातीला ते म्हणत, "तानुबाईचं वंगण द्या." मग म्हणू लागले, "तानुबाईचं द्या." पुढच्या हंगामात नुसतं "तानू." तानू भरा, तानू संपली, तानू लावली का बे? तानुबाईच्या समोर उभं राहून एखादा म्हणे, "काकू, माही तानू घट्ट झाली," आणि मग जीभ चावे. तानुबाई खो खो हसायची. "घट्ट झाली तं उन्हात ठेव जरा," म्हणायची.

खरं सांगायचं तर ती फुलून गेली होती. तेल्याच्या घरात जन्मली, तेल्याच्या घरात आली, आजवर तिचं नाव हाकेपलीकडं कुठं गेलं नव्हतं. आता ते अंजनगाव सुर्जीच्या बाजारात घेतलं जात होतं, धारणीच्या जंगलातून लाकडं आणणारे घेत होते. बाजारातून जाताना अनोळखी माणसाच्या तोंडी आपलं नाव ऐकलं की ती पाऊल हळू करी. तेवढं सुख कोणाला नको असतं?

एकटा नत्थुजी मात्र ते नाव घेत नसे. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक, पण नत्थुजीच्या घरात नवराही बायकोचं नाव घेत नसे. त्याच्या बापानं घेतलं नाही, आज्यानं घेतलं नाही. त्यामुळे गिऱ्हाईक येऊन "तानू हाय का?" म्हणालं की नत्थुजी दुसरीकडं बघत म्हणे, "घरचं वंगन हाय." गाडीवान मुद्दाम विचारत, "कोनतं घरचं?" नत्थुजीचे कान लाल होत.

तिसऱ्या हंगामात तानुबाई पुरी पडेना. डिंक मिळेना, एरंडी मिळेना, कारण जो तो पऱ्हाटी लावून बसला होता. हंडं दुपारीच खरडून निघे आणि गाड्या दारात उभ्याच. वंगणाशिवाय गाडीला पुढं कसं जाऊ द्यायचं? अशा वेळी ती सांगायची, "मूर्तिजापूरपर्यंत रेटा कशीतरी. तिथं देवीदासाकडं तानू भेटीन."

हा देवीदास म्हणजे मूर्तिजापूरच्या तिठ्यावरचा दुकानदार. गूळ, तंबाखू, दोरखंड, बैलांच्या घुंगरमाळा असं सगळं विके. वंगणही विके. त्याचं वंगण म्हणजे कुठल्याही तेलाचा गाळ आणि नदीकाठी जाळलेल्या कचऱ्याची राख, वाळूसकट. आधी त्याच्याकडं कोणी घेत नसे. मग एकदा तानुबाईनं धाडलेल्या गाडीवानानं विचारलं, "तानू हाय का?" देवीदासानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हाय ना." त्याच गाळाला हे नाव लागलं आणि तो खपू लागला. गाडीवान आपला जुना, तीन डागांचा नळा पुढं करी, देवीदास तो भरून देई. नळा कोणी फेकत नसे. चांगला वाळलेला बांबू तेलानं मुरलेला असतो, तो गाडीबरोबर जन्म काढतो. त्यामुळे वरून नळा तानुबाईचा, आत गाळ देवीदासाचा.

हे तानुबाईला कळायला उशीर झाला. कळलं ते एका गाडीवानाच्या कुरकुरीतून. तो म्हणाला, "काकू, तानू पहिल्यासारखी नाई राह्यली." तिनं त्याचा नळा घेतला, बोटावर वंगण काढलं, दोन बोटांत चोळलं. बोटाला वाळू लागली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी नत्थुजीला घेऊन ती मूर्तिजापूरला जाऊन देवीदासाच्या दुकानापुढं उभी राहिली.

"काहून रे देवीदास, माह्या नावानं हे काय विकून राह्यला?"

देवीदास तराजू पुसत होता. तो शांतपणे म्हणाला, "तुमचं नाव तानुबाई. मी तानू विकतो. गिराईक तानू मागते, मी तानू देतो. वंगनाले लोक तानू म्हनतात, त्याले मी काय करू? बडनेऱ्यात विकतात, अमरावतीत विकतात. सगळ्याइले जाऊन सांगान काय?"

"माह्या नळ्यात भरून राह्यला."

"नळा गाडीवानाचा. त्यानं विकत घेतला."

तानुबाईनं त्याला चांगलं झाडलं, पण झाडून उपयोग नव्हता. तिनं ठरवलं की हे गाडीवानांच्या पंचांपुढं न्यायचं. अकोल्याच्या कापूस बाजारात गाडीवानांची पंचायत बसे. वाटेवरचे तंटे, मोडलेली चाकं, हरवलेले बोजे, सगळं तिथं निघे. पंचायतीचे मुख्य खुशालराव, मोठ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांच्या स्वतःच्या गाड्या होत्या आणि त्यांच्या गाड्यांना तानुबाईचंच वंगण असे. तानुबाईनं फिर्याद सांगितली: तानू हे नाव माझं, माझ्याशिवाय कोणी त्या नावानं विकू नये. खुशालरावांनी बाजाराच्या दिवशी दोघांना बोलावलं.

तो दिवस यायच्या आधीच वामनरावांची गाडी जळाली.

वामनराव अंजनगाव सुर्जीकडचे शेतकरी. हंगामभराचा कापूस घेऊन ते स्वतः गाडीबरोबर चालले होते. बोरगावच्या अलीकडं चाक किंचाळू लागलं. त्यांनी थांबून नळ्यातलं वंगण लावलं, पुढं हाकली, चाक पुन्हा किंचाळलं. तुंबा तापून धुमसू लागला, आणि कापसाचा बोजा चाकाला टेकलेला. कापूस पेटतो तेव्हा आधी दिसत नाही. दिसला तेव्हा फक्त बैल सोडवायला वेळ मिळाला. वामनरावांच्या हाताला भाजलं, आणि वर्षाची मेहनत रस्त्यावर काळी होऊन पडली. जळालेल्या गाडीखाली नळ्याचा अर्धा तुकडा सापडला. त्यावर तीन डाग होते.

वामनराव तो तुकडा घेऊन सरळ पंचायतीत आले. म्हणजे एकाच दिवशी, एकाच झाडाखाली दोन फिर्यादी उभ्या राहिल्या. तानुबाई म्हणत होती तानू माझी. वामनराव म्हणत होते तानूनं माझी गाडी जाळली.

कापूस बाजारात त्या दिवशी गर्दी लोटली. गाडीवान बोजांवर चढून बसले. पंचायतीत बाई बोलत नसे, म्हणून नत्थुजी पुढं झाला. खुशालरावांनी त्याला विचारलं, "नत्थुजी, नाव कोनाचं?"

नत्थुजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "घरचं वंगन हाय जी," तो म्हणाला.

"ते आमाले मालूम हाय. नाव कोनाचं, ते बोला."

"घरच्याइचं."

गाडीवानांत हशा पिकला. कोणीतरी बोजावरून ओरडलं, "नाव घ्या ना बुवा!" नत्थुजीच्या कपाळाला घाम सुटला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, "ता..." आणि थांबला. माणूस खोटा नव्हता, भित्राही नव्हता, पण आयुष्यभर न घेतलेलं नाव भर बाजारात जिभेवर येईना. शेवटी तानुबाईच डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली.

"मी बोलतो. नाव माहं हाय. तानू माही."

"बरं," खुशालराव म्हणाले. त्यांनी वामनरावांच्या हातातला जळका नळा तिच्यापुढं धरला. "हा नळा तुमचा?"

"नळा माहा. आतलं माहं नाई. देवीदासानं भरलेलं हाय."

"हौ," वामनराव म्हणाले, "मूर्तिजापुरात देवीदासाकडूनच भरलं. खोटं कशाले बोलू? पन बाई, मागच्या खेपेले परत जाताना मी आधी तुमच्याच दारात आलतो. तुमचं हंडं खाली होतं. तुमी सोताच म्हनले, देवीदासाकडं तानू भेटीन, तिथं भरून घ्या. तुमच्या शब्दावर गेलो मी."

तानुबाईला तो दिवस आठवला. दारात उभे वामनराव, मागं गाड्यांची रांग, आणि आपण कमरेवर हात ठेवून, जरा ऐटीतच, जणू देवीदासाचं दुकान आपलंच असल्यासारखं सांगत होतो. नाही कसं म्हणणार?

"म्हनलं होतं," ती म्हणाली.

आता देवीदास पुढं सरसावला. मूर्तिजापुरात तराजू पुसत बोलणारा देवीदास आणि हा देवीदास वेगळा होता. त्यानं जळका नळा पाहिला होता, वामनरावांचा हात पाहिला होता, आणि भरपाई कोणाच्या गळ्यात पडते ते त्याला नीट कळलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "पंचहो, बाई खरं बोलून राह्यल्या. तानू त्याइचीच. नाव त्याइचं, नळा त्याइचा, गिराईक बी त्याइनंच धाडलं. मी आपला नुसता विकनारा. आजपासून मी तानू विकनार नाई, कोनी बी विकू नये. तानू तानुबाईची, हे मी भर बाजारात कबूल करतो."

लोक थक्क झाले. मूर्तिजापूरच्या तिठ्यावर जे कबूल करायला तो तयार नव्हता, ते आज न विचारता देत होता. जे मागायला तानुबाई आली होती, ते तिच्या पुढ्यात ठेवलेलं होतं.

खुशालराव म्हणाले, "बाजाराचा रिवाज सगळ्याइले ठाऊक हाय. बोजावर ज्याची निशानी, त्यानं आतल्या कापसाचं उत्तर द्याचं. दगड निघाले तं त्यानं, पानी मारलेलं निघालं तं त्यानं. दुसऱ्यानं भरला म्हनून सुटका नाई. तानू तुमची असंन, तं जिथं जिथं तानू हाय तिथं तुमी उभ्या. वामनरावाची भरपाई तुमच्यावर येईन. घाना आन् बैल दोन्ही जाईन, तरी पुरनार नाई."

"आन् माही नाई म्हनलं तं?"

"तं तानू म्हंजे वंगन. जसं मीठ, जसं दोरी. ज्यानं जे भरलं त्यानं त्याचं उत्तर द्याचं. मंग देवीदास वामनरावाले भरपाई देईन. पन मंग देवीदासानं तानू विकली, अजून कोनी विकली, तं तुमी इथं याचं नाई."

तानुबाईनं मान वर केली. "पन नाव तं माहं हाय ना खुशालराव? लोक माह्या हातची पाहून म्हनाले लागले. हे तुमाले मालूम नाई काय?"

"मले मालूम हाय," खुशालराव म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला. "माह्या गाड्याइले तुमचंच लागते. पन बाई, मुंबईत आपला सगळा कापूस उमरावती म्हनून विकते. अकोल्याचा बी उमरावती, अंजनगावचा बी उमरावती, खानदेशातला बी उमरावती. अमरावतीवाले गेले काय भांडाले? नाव एकदा लोकाइच्या तोंडात बसलं का ते परत काढता येत नाई. आन् तुमी सोता ते तोंडात घातलं. देवीदासाच्या गाळाले तानू पह्यले तुमीच म्हनलं, या बाजारासमोर कबूल केलं. आता दोन्हीतलं एक सांगा."

तानुबाईनं नत्थुजीकडं पाहिलं. नत्थुजी जमिनीकडं बघत होता. तो हळूच म्हणाला, "घाना गेला तं वंगन कशात करशीन? पन नाव तुहं हाय. मी काही नाई म्हनत."

ही वेळ तानुबाईच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ होती असं ती पुढं सांगे. तिला वाटलं, माझी म्हणावं. घाणा जाऊ दे, बैल जाऊ दे, पण या एवढ्या लोकांना ऐकू जाऊ दे की तानू माझी. मग मोर्णेपासून धारणीपर्यंत कोणी ते नाव घेताना माझ्याकडं बघेल. नाव म्हणजे काय, तिनं रात्रंदिवस गाळलेला कोळसा होता तो, भाजलेली बोटं होती. पण त्याच वेळी तिला वामनरावांचा फडकं गुंडाळलेला हातही दिसत होता. नाव घेतलं तर हा जळका हातही आपला, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या गाळानं जी गाडी जळेल तीही आपलीच. देवीदास हात जोडून आशेनं तिच्या तोंडाकडं बघत होता. ती नजर पाहून तिचा निश्चय झाला.

"तानू माही नाई," ती म्हणाली.

"जोरानं बोला बाई. सगळ्याइले ऐकू जाऊ द्या," एक पंच म्हणाला.

"तानू माही नाई. ज्यानं भरली त्याची."

गाडीवानांत आता हशा नव्हता. देवीदासाच्या तोंडचं पाणी पळालं. तो काहीतरी बोलू लागला, पण आपणच विकल्याचं आत्ताच भर बाजारात कबूल केलं होतं ते त्याला आठवलं असावं, कारण बोलणं अर्ध्यावर राहिलं. पंचांनी निवाडा दिला. देवीदासाला आपली गाडी आणि बैलजोडी वामनरावांना द्यावी लागली, आणि राहिलेलं पुढच्या हंगामात. वामनराव जाताना तानुबाईपाशी थांबले. म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान झालं." ती म्हणाली, "तुमचं जास्त झालं." मग दोघंही आपापल्या वाटेला लागले.

घरी येऊन तिनं सळई छपरात खोचून ठेवली. डाग म्हणजे जबाबदारी, आणि जबाबदारी नको म्हणून तर नाव सोडलं होतं. आता तिचे नळे साधे, बिनखुणेचे. गंमत अशी की डाग बंद झाले ते फक्त तिच्या घरी. पुढच्या हंगामात बडनेऱ्याचा एक विकणारा आपल्या नळ्यांवर तीन डाग ओढू लागला, कारण गिऱ्हाईकाला डागांशिवाय तानू खरी वाटत नसे. देवीदास तर थाटात विकत होता. भरपाई दिल्यापासून वाळू तेवढी चाळून घेत होता, एवढं त्याच्याबद्दल चांगलं म्हणता येईल. तानुबाईकडं नेहमीचे गाडीवान येत राहिले. नवे येत ते चार दारांपैकी एक दार म्हणून येत, आणि कधी म्हणत, "बाई, पलीकडच्याची तानू सस्ती हाय." ती म्हणे, "मंग तिकडून घे." पण हंडं गाळायचं मात्र ती सोडत नसे. का गाळते, असं घरात नव्यानं आलेल्या सुनेनं विचारलं तेव्हा म्हणाली, "चाक आयकते ना."

मग लढाई संपली. कापसाचा भाव उतरला, चांदीच्या शेंब्या सोनाराकडं परत गेल्या. काही वर्षांनी रेल्वे अकोल्याला आली, पुढं नागपूरलाही पोचली. लांबच्या वाटेच्या गाड्या कमी झाल्या, पण गावागावांतून ठेसनापर्यंत गाड्या लागतच. प्रत्येक गाडीखाली नळा होता आणि प्रत्येक नळ्यात तानू होती.

नत्थुजी गेल्यावर, तानुबाईचे केस पांढरे झाल्यावरची गोष्ट. अंजनगाव सुर्जीला भाचीचं लग्न होतं. मुलगा कामात होता म्हणून तिनं भाड्यानं गाडी ठरवली. गाडीवान शेषराव, तिकडच्याच एका खेड्यातला, नवीनच लग्न झालेला, बोलका. अकोटच्या पुढं चाक कुरकुरू लागलं. शेषरावानं गाडी थांबवली, खाली उतरून नळा काढला, काडी फिरवून पाहिली.

"मावशे, तानू संपली," तो म्हणाला. "अकोटातच भरून घ्याले पायजे होती."

तानुबाईनं आपलं गाठोडं सोडलं. लग्नाला नेत होती त्या लाडवांखाली एक छोटा डबा होता. ती कुठंही निघाली की थोडं वंगण बरोबर घेतच असे. तिनं तो पुढं केला. शेषरावानं बोटावर काढून पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"वा! ही तं लय चांगली तानू हाय. कुठं भेटते?"

"घरी करतो मी."

त्यानं दोन्ही चाकांना लावलं, गाडी हाकली. चाक गप्प झालं. शेषराव खूश होऊन बोलत राहिला, बायकोबद्दल, बैलांबद्दल. मग लग्नघरी कोणाचं नाव सांगायचं म्हणून त्यानं विचारलं, "मावशे, तुमचं नाव काय?"

"तानुबाई."

शेषरावानं वळून तिच्याकडं पाहिलं आणि मोकळेपणानं हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"मायबापानं वंगनाचं नाव ठेवलं व्हय तुमचं?"

तानुबाईच्या तोंडाशी सगळं आलं. पंचायतीत लागलं नव्हतं इतकं इथं लागलं. मोर्णेचा काठ, हंडं, तीन डाग, जळका नळा, हे सगळं या पोराला सांगावं असं तिला वाटलं. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं, गप्प फिरणाऱ्या चाकाकडं पाहिलं, आणि डबा पुन्हा लाडवांखाली ठेवला.

"हौ बापा," ती म्हणाली, "घरी तेलाचा धंदा होता ना आमच्या."